कोनावर उभा चौरस

गोधडीवर व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असा प्रश्न विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला दोन-चार ठिकाणी विचारला गेला. विचारणारे बहुतेक पुरुष होते. बायकांनी विचारले ते निराळे. त्या म्हणाल्या, "चौरस तुकडे कोनावर उभे करून जोडले की गोधडीची कड लाटेसारखी का होते?" हा प्रश्न पहिल्यापेक्षा पुष्कळच मोलाचा आहे, आणि आजचे सारे विवेचन म्हणजे त्याचेच उत्तर होय. आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालविलेले. आमची शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण माग, शिवणयंत्र आणि सार्वजनिक वाचनालय यांनी केले. त्यामुळे कापडाविषयी बोलताना मजुरीविषयीही चार शब्द निघतील. ते श्रोत्यांनी चालवून घ्यावेत.

आपली गोधडी आणि अमेरिकेतली क्विल्ट यांत एक मुळातला फरक आहे, तो प्रथम सांगतो. आपल्याकडे जुनी लुगडी, धोतरे एकावर एक पसरतात, वर ठिगळे मांडतात, आणि कडेकडून आत धावदोरा घालीत सगळे थर एकदमच शिवत जातात. ठिगळ थोडे तिरके बसले म्हणून बिघडत नाही. खालचे अख्खे लुगडे त्याला धरून ठेवते. अमेरिकेतल्या पद्धतीत वरचा पदर आधी वेगळा तयार होतो. लहान तुकडे कडेला कड लावून जोडायचे, त्यांचा एक पुरा चौरस करायचा, असे पंधरा-वीस चौरस पुन्हा एकमेकांना जोडायचे, आणि मग त्याखाली कापसाचा थर व अस्तर घालून तिन्हींवर मिळून टाके घालायचे. म्हणजे ते शेवटचे टाके पडेपर्यंत त्या पदराला आधार कोणाचा, तर फक्त स्वतःच्या शिवणींचा. एक तुकडा ताणला गेला की त्याचा भोग शेजारच्या चारांना.

हे चौरस मांडण्याच्या दोन रीती आहेत. एक सरळ मांडणी, घरातल्या फरशीसारखी. दुसरी कोनी मांडणी. पत्त्यांतल्या चौकटच्या एक्क्याप्रमाणे चौरस एका कोनावर उभा करायचा आणि त्याच्या बाजूंना तसेच दुसरे जोडत जायचे. ही दुसरी रीत अवघड का, हे समजण्यासाठी आपल्या स्वयंपाकघराइतकी चांगली शाळा नाही. शंकरपाळी कातताना पोळीच्या मधोमध सुरेख चौकटी पडतात, पण कडेला त्रिकोणी, अर्धवट तुकडे राहतात. ते आपण तसेच तळून मुलांच्या हातावर ठेवतो. गोधडीत ती सोय नाही. तिची बाहेरची कड सरळच हवी, म्हणून कडेचे त्रिकोण मुद्दाम, मोजून-मापून कापून बसवावे लागतात. कोनी मांडणीतली सारी विद्या आणि सारे भांडण या कडेच्या त्रिकोणांत आहे.

मग एवढा खटाटोप करावा कशाला? एक कारण अगदी साधे. अमेरिकेतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या नमुन्यांत टोपली, झाड असे पुष्कळ नमुने चौरसाच्या कर्णावर बेतलेले असतात. टोपलीचा तळ एका कोपऱ्यात, आणि तोंड समोरच्या कोपऱ्याकडे. असा चौरस सरळ ठेवला तर टोपली कलंडलेली दिसते; कोनावर उभा केला की टोपली सरळ बसते, झाड जमिनीतून वर येते. दुसरे कारण कष्टाचे. तुकडे जोडून केलेला एक चौरस आणि एका कापडाचा सपाट चौरस असे आलटून पालटून कोनी मांडले, तर नमुन्याचे चौरस कमी लागतात आणि पांघरूण मात्र भरगच्च दिसते. सपाट चौरसावर टाक्यांची नक्षी काढायला जागाही मिळते. ज्या घरात दिवसभराची कामे आटोपून दिव्याच्या उजेडात शिवायला बसायचे, त्या घरात हा हिशेब फार मोठा असतो.

या कलेचा भर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात आला, आणि त्याचे कारण गिरण्या. मॅसॅच्युसेट्स संस्थानातल्या लोवेल गावी व आसपास कापडाच्या गिरण्या निघाल्या, छापील सुती कापड सामान्य घराच्या आवाक्यात आले, आणि तुकडे उरू लागले. त्या गिरण्यांत काम करणाऱ्या बहुसंख्य तरुण मुली होत्या. त्यांनी १८३४ साली मजुरी कापली म्हणून, आणि १८३६ साली राहण्याजेवण्याचा खर्च वाढवला म्हणून काम बंद ठेवले. तो कापूस दक्षिणेतल्या गुलाम माणसांनी वेचलेला होता. एका पांघरुणात इतक्या लोकांचे हात असतात.

कोनी मांडणीचे सर्वांत निर्मळ उदाहरण पाहायचे तर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातल्या आमिश लोकांकडे गेले पाहिजे. हे लोक धर्मनिष्ठ शेतकरी, साध्या राहणीचे. त्यांच्या बायकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४० च्या सुमारापर्यंत लोकरी कापडाच्या गोधड्या केल्या, त्यांत एकही छापील फूल नाही. मध्ये एका रंगाचा मोठा चौरस कोनावर उभा, त्याच्या चार बाजूंना चार त्रिकोण, आणि भोवती रुंद पट्ट्या. झाले. जोडकाम बहुधा पायाने चालवायच्या यंत्रावर, आणि वरचे बारीक टाके हाताने. रंग गडद: जांभळा, मरून, निळा, हिरवा. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेल्या अमेरिकन गोधड्या भिंतीवर चित्रांसारख्या टांगून दाखविल्या, आणि जाणकार म्हणविणारे लोक थक्क झाले. संग्रह करणाऱ्यांची नावे आम्ही आत्ता सांगितली. त्या गोधड्यांतल्या बहुतेकींवर शिवणारणीचे नाव नव्हते. ही गोष्ट आम्हाला सलते, एवढे नोंदवून पुढे जातो.

आता हिशेबाकडे वळू. चौरस कोनावर उभा केला की त्याची रुंदी म्हणजे त्याचा कर्ण. हा कर्ण बाजूच्या १.४१४ पट असतो, हे शाळेत शिकवतात आणि परीक्षा झाली की आपण विसरतो. पण आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदी बांधणाऱ्यांसाठी याची एक रीत दिली आहे, ती शिवणकामाला इतकी सोयीची आहे की जणू त्यासाठीच सांगितली असावी. बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवा. त्या तिसऱ्या हिश्शाचा चौथा हिस्सा आणखी मिळवा. आणि या शेवटच्या हिश्शाचा चौतिसावा भाग वजा करा. चौरस १२ इंची घ्या. १२ चा तिसरा हिस्सा ४. त्याचा चौथा हिस्सा १. बेरीज १७. वजा करायचा तो इंचाचा चौतिसावा भाग. सुतार ज्याला सूत म्हणतात तो इंचाचा आठवा भाग. हा तर त्या सुताचा पावसुद्धा भरत नाही. तेव्हा बाराला सतरा, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. १२ इंची चौरस कोनावर उभा केला की १७ इंच जागा घेतो. ६ इंची असेल तर साडेआठ.

तसेच, कर्णावर उभारलेला चौरस मूळ चौरसाच्या बरोबर दुप्पट असतो. ग्रीसमध्ये प्लेटोने आपल्या 'मेनो' या संवादात हीच गोष्ट सॉक्रेटिस एका न शिकलेल्या गुलाम मुलाकडून, नुसते प्रश्न विचारून, वदवून घेतो असे दाखविले आहे. आमिश गोधडीत हाच सिद्धांत पांघरायला मिळतो: मधला उभा चौरस आणि त्याच्या भोवतीचे चार त्रिकोण, दोन्हींचे कापड सारखेच लागते.

आता एक पुरी गोधडी डोळ्यांसमोर आणू. १२ इंची चौरस, आडवे ३ आणि उभे ४, कोनावर उभे. रुंदी तीन सत्रे ५१ इंच, लांबी चार सत्रे ६८ इंच. पण चौरस १२ लागत नाहीत. चार-चार चौरसांच्या मध्ये जी चौकटीच्या आकाराची जागा पडते तीत आणखी एकेक चौरस बसतो, असे ६. एकूण १८. नमुन्याचे १२ आणि सपाट ६ अशी वाटणी करता येते. कडेला १० त्रिकोण लागतात: दोन्ही लांब बाजूंना तीन-तीन, दोन्ही आखूड बाजूंना दोन-दोन. आणि चार कोपऱ्यांना चार लहान त्रिकोण.

ते त्रिकोण कसे कापायचे, यावर सारे अवलंबून आहे. येथे थोडा वेळ मागाजवळ उभे राहावे लागेल. कापड म्हणजे दोन धाग्यांचा संसार. उभा ताणा, आडवा बाणा. ताणा मागावर ताणलेला असतो, म्हणून कापड त्या दिशेने सर्वांत कमी ओढले जाते. बाण्याच्या दिशेने किंचित जास्त. पण कर्णाच्या दिशेने, म्हणजे शिंपी ज्याला उरेप म्हणतात त्या दिशेने ओढले, तर धागे मुळीच ताणले जात नाहीत, ते नुसते एकमेकांवर कलतात. दुकानाचे सरकते जाळीचे दार आठवा. त्याची पट्टी एकही लांब होत नाही, पण दार मात्र हवे तेवढे पसरते आणि मिटते. उरेप कापड तसेच वागते. झग्याच्या गळ्याला पट्टी लावताना आपण मुद्दाम उरेप पट्टी घेतो, कारण ती वळणावर नीट बसते. जो गुण गळ्याला, तोच दोष गोधडीच्या कडेला.

कोनी मांडणीत मधल्या सगळ्या चौरसांची गत अशी होते की त्यांचे धागे गोधडीच्या लांबी-रुंदीला तिरके पडतात. गोधडी लांबीत ओढली की सगळे चौरस उरेपावर ओढले जातात. त्यांना आवरून धरणारी चौकट एकच, ती म्हणजे बाहेरची कड. म्हणून नियम असा: जी बाजू गोधडीच्या बाहेरच्या कडेवर येणार, तिला समांतर धागा असलाच पाहिजे.

कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू, म्हणजे कर्ण, बाहेर येतो. तेव्हा कर्णावर सरळ धागा हवा. त्यासाठी एक मोठा चौरस कापून त्याचे दोन्ही कर्णांवरून चार तुकडे करावेत; मोठ्या चौरसाची प्रत्येक बाजू एकेका त्रिकोणाची लांब बाजू होते, आणि चौरसाच्या बाजू धाग्यावरच कापलेल्या असतात. कोपऱ्याच्या त्रिकोणाचे उलटे आहे. त्याच्या दोन आखूड बाजू बाहेर येतात आणि कर्ण आतल्या चौरसाला जोडला जातो. म्हणून तेथे लहान चौरस घेऊन एकाच कर्णावर कापावा. दोन त्रिकोण निघतात. एकाच आकाराचे, काटकोनाचे दोन त्रिकोण. पण एक चौघांतला, दुसरा दोघांतला. मधल्या धाग्याची दिशा पाहिली नाही तर दोघांत फरक दिसत नाही, आणि घोटाळा येथेच होतो.

मापे सांगतो. शिवणीत दोन सूत, म्हणजे पाव इंच कापड जाते असे धरले आहे. नमुन्याचा चौरस साडेबारा इंच कापला की शिवून बारा होतो. कडेच्या त्रिकोणांसाठी चौरसाचा कर्ण १७ इंच अधिक सव्वा इंच, असा सव्वाअठरा इंची चौरस घेऊन त्याचे चार करावेत. दहा त्रिकोणांना असे तीन चौरस लागतात, दोन त्रिकोण शिल्लक राहतात. कोपऱ्यांसाठी १२ भागिले १.४१४, म्हणजे साडेआठ इंच, अधिक सात सूत. असे ९ इंच ३ सुतांचे दोन चौरस, प्रत्येकाचे दोन. सव्वा इंच आणि सात सूत हे आकडे हवेतून आलेले नाहीत. त्रिकोणाची टोके निमुळती असल्यामुळे शिवणीची पाव इंचाची पट्टी तेथे लांबत जाते, त्याची ही भरपाई आहे. काही जणी आणखी अर्धा इंच जास्त कापून शेवटी कड छाटतात. नवशिकीने तसेच करावे. मात्र छाटताना चौरसाच्या टोकापलीकडे दोन सूत कापड राहिले पाहिजे, नाही तर टोक शिवणीत गडप होते.

यात एक बारीक खुबी आहे. मोठ्या चौरसाच्या चार त्रिकोणांपैकी दोघांच्या लांब बाजूवर ताणा असतो आणि दोघांच्या बाणा. तीन चौरसांतून ताण्याचे सहा आणि बाण्याचे सहा मिळतात. गोधडीच्या दोन्ही लांब बाजूंना मिळून सहाच त्रिकोण लागतात! ताण्याचे सहाही तेथे लावावेत, कारण लांब कडच जास्त ओढली जाते. कापण्यापूर्वी खडूने खूण करून ठेवली की चुकत नाही.

हे सगळे आम्ही इतक्या तपशिलाने का शिकलो, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी निर्यातीसाठी गोधड्या शिवणाऱ्या एका कारखान्यातल्या बाया आमच्याकडे आल्या. मजुरी नगावर. कोनी मांडणीच्या गोधड्या तपासणीत कडेच्या लाटांमुळे नापास होत होत्या, आणि दर नापास नगामागे शिवणारणीच्या मजुरीतून कपात होत होती. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की बाया घाईने कापड ओढतात. आम्ही फीत घेऊन गेलो. एक गोधडी मधून ६८ इंच भरली, आणि कडेने ७०. मग आम्ही कडेच्या त्रिकोणाचा एक धागा सुईने उपसून पाहिला. सरळ कापलेल्या कडेचा धागा लांबच्या लांब निघत जातो. येथे तो बोटभर निघाला आणि संपला. कड उरेप होती.

म्हणजे दोष शिवण्यात नसून कापण्यात होता. कापणीच्या टेबलावर सव्वाअठरा इंची चौरसाचे चार करण्याऐवजी १२ इंच ७ सुतांच्या चौरसाचे दोन करीत होते. आकार तोच, माप तेच, पण धागा फिरलेला. कशासाठी? ४४ इंच पन्ह्याच्या कापडात मोठे चौरस दोनच बसतात, लहान तीन बसतात. २४ त्रिकोण काढायला पहिल्या रीतीने पावणेपंचावन्न इंच कापड लागते, दुसऱ्या रीतीने साडेएक्कावन्न. वाचले सव्वातीन इंच. त्या सव्वातीन इंचांची किंमत बायांच्या मजुरीतून वसूल होत होती, आणि त्यांना वाटत होते की आपलाच हात जड आहे. कित्येकींनी घरी जाऊन सराव केला होता. पुरी झालेली कड सरळ करण्याचा सराव कोणत्याही हाताने होण्यासारखा नव्हता.

तेव्हा १९३६ चा वेतन प्रदान कायदा लागू होता. नुकसानीची कपात करायची तर ते नुकसान थेट त्या कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि आधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे त्यात स्पष्ट होते. आम्ही बैठकीत कायद्याचे कलम वाचले, पण त्याचा परिणाम फारसा झाला नाही. मग एका बाईने दोन त्रिकोण टेबलावर ठेवले, एक चौघांतला आणि एक दोघांतला, आणि साहेबांना दोन्हींची लांब बाजू हाताने ओढून पाहायला सांगितली. त्यांनी ओढली. पुढे बोलायचे फार राहिले नाही. कपात परत मिळाली, कापणीची रीत बदलली. कोनी मांडणीला वेळ जास्त लागतो म्हणून नगाचा दर वाढवून मागितला होता, तो मात्र मागितला त्याच्या निम्माच वाढला.

वेळ जास्त का लागतो, हेही पाहण्यासारखे आहे. सरळ मांडणीत सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या. कोनी मांडणीत ओळी तिरक्या शिवाव्या लागतात, आणि त्यांची लांबी कमी-जास्त होते. आपल्या १८ चौरसांच्या गोधडीत सहा तिरक्या ओळी पडतात: १, ३, ५, ५, ३ आणि १ चौरसांच्या. सगळे तुकडे आधी जमिनीवर मांडून घ्यावेत. मांडल्याशिवाय जी शिवायला बसते तिला उसवायला बसावे लागते. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना कडेचे त्रिकोण जोडायचे. फक्त पाचांच्या दोन ओळींत एकेका टोकाला कोपऱ्याचा त्रिकोण येतो. उरलेले दोन कोपरे अगदी शेवटी, पहिल्या आणि शेवटच्या ओळीच्या पाठीवर. त्रिकोण जोडताना त्याचा काटकोनाचा कोपरा चौरसाच्या कोपऱ्याशी जुळवावा. निमुळते टोक बाहेर लोंबते, ते लोंबू द्यावे. टोकाशी टोक जुळवायला गेले की ओळ तिरकी होते.

ओळी शिवून झाल्या की शिवणींवर इस्त्री करायची, पण एका ओळीत सगळ्या शिवणी उजवीकडे पाडायच्या, पुढच्या ओळीत डावीकडे. मग दोन ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि चौरसांचे कोपरे बरोबर भेटतात. इस्त्री ढकलू नये. ठेवावी, उचलावी, पुढे ठेवावी. कडेच्या त्रिकोणाच्या दोन आखूड बाजू उरेपच असतात, त्या टाळता येत नाहीत. त्या सरळ धाग्याच्या चौरसाला जोडल्या की बांधल्या जातात, पण जोडेपर्यंत जपले पाहिजे. शिवताना उरेप बाजू खाली ठेवावी, म्हणजे यंत्राचे दात तिला स्वतःच आत घेतात. कापण्यापूर्वी कापडाला हलकी खळ दिली तर आणखी चांगले. गिरणीत ताण्याला खळ देतात तेही धाग्याने शिस्तीत राहावे म्हणूनच.

बाहेरची रुंद पट्टी लावताना तिचे माप कडेवरून घेऊ नये. गोधडीच्या मधोमध फीत धरून घ्यावे, आणि पट्टी त्या मापाची कापून कड तिच्यात बसवावी. कड थोडीफार सैलावली असेल तर ती तेथे आटोक्यात येते. उलट नुसती लांबच लांब पट्टी घेऊन शिवत गेले आणि शेवटी उरलेली कापली, तर लाट कायमची शिवली जाते.

तिरक्या ओळींचा कंटाळा असेल त्यांना एक वेगळी वाट आहे. चौरस कोनावर उभे करून एकाखाली एक लावायचे, दोन्ही बाजूंना कडेचे त्रिकोण जोडायचे, आणि उभी पट्टी तयार करायची. अशा पट्ट्या शेजारी-शेजारी जोडताना एकीआड एक पट्टी अर्ध्या चौरसाने खाली सरकवली की मधल्या त्रिकोणांची नागमोडी रेघ उमटते. शिवणी सगळ्या सरळ, त्रिकोण मात्र पुष्कळ कापावे लागतात.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी एकदम मोठ्या पांघरुणाला हात घालू नये. तान्ह्या बाळाचे दुपटे करावे. १२ इंची चौरस पाच घ्यावेत: चार कोपऱ्यांत, एक मधे, सगळे कोनावर. सव्वाअठरा इंची एकच चौरस चौघांत कापला की कडेचे चारही त्रिकोण मिळतात, आणि ९ इंच ३ सुतांचे दोन चौरस कापले की चारही कोपरे. एक चिंधीही उरत नाही. ओळी तीनच, एक, तीन आणि एक चौरसाची. मधल्या ओळीच्या दोन्ही टोकांना कोपऱ्याचे त्रिकोण, बाकीच्या दोन ओळींना कडेचे. दुपटे ३४ इंच लांब आणि ३४ इंच रुंद होते. शेवटी त्याचे दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. शिवणीसाठी बाहेर ठेवलेली दोन सुते सोडून दोन्ही ४८ इंच भरले, तर कड सरळ आहे. एक भरला आणि दुसरा नाही, तर अस्तर लावण्याआधी कडेचा एक धागा उपसून पाहावा.